द ओपनच्या चॅम्पियनांची यादी वाचताना मैदानाचं नाव आधी बघा

प्रश्न असा आला आहे की ब्रिटिश ओपन, म्हणजे द ओपन चॅम्पियनशिप, नक्की कधी सुरू झाली, आजवर कोण कोण जिंकलं, आणि टीव्हीवर अमेरिकेतली मास्टर्स स्पर्धा एवढी देखणी दिसत असताना जुनी गोल्फर मंडळी अजून ओपनलाच सगळ्यात मोठं का मानतात. मी पुण्यात गोल्फ शिकवतो, सगळं आयुष्य याच खेळात गेलंय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, निवांत वाचा.

विजेत्यांची यादी कुठेही मिळते, पण ती वर्षांच्या क्रमाने वाचत गेलात तर दहा मिनिटांनी डोक्यात काही उरत नाही. माझ्या पोरांना मी सांगतो की नावाशेजारी मैदानाचं नाव लिहिलेलं असतं ते आधी बघा. मास्टर्स दरवर्षी ऑगस्टा नॅशनल या एकाच मैदानावर होते, ओपन मात्र ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडच्या समुद्रकाठच्या मोजक्या मैदानांवर आलटून पालटून फिरते, 1860 पासून सगळी मिळून मैदानं फक्त 14 झाली. या मैदानांना लिंक्स म्हणतात. आपल्याकडे कोकणात समुद्र आणि वाडी यांच्या मध्ये वाळूचा उंचसखल पट्टा असतो ना, तशीच ती जमीन, फक्त झाडं नाहीत, बारीक चिवट गवत आणि खाली वाळू, त्यामुळे पाऊस पडला तरी पाणी मुरून जातं आणि जमीन टणक राहते. चेंडू पडला की थांबत नाही, पळतो. वर अडवायला काही नसल्याने वारा सरळ अंगावर येतो. आणि बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, खोल, उभ्या भिंतीचे, काही ठिकाणी तर पुढे मारताच येत नाही, मागे किंवा बाजूला काढावा लागतो. या जमिनीवर कुणाचा खेळ चालला, हेच ती यादी सांगते.

सुरुवात स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविकला झाली. त्या काळातला सगळ्यात मोठा खेळाडू सेंट अँड्र्यूजचा अॅलन रॉबर्टसन 1859 मध्ये वारला आणि आता त्याच्यानंतर नंबर एक कोण हा वाद सुरू झाला. प्रेस्टविक क्लबने ठरवलं की एकदा खेळवूनच टाकू. 17 ऑक्टोबर 1860, आठ खेळाडू, 12 होलचं मैदान, ते एकाच दिवसात तीन वेळा खेळायचं म्हणजे 36 होल. मसलबराचा विली पार्क सगळ्यात कमी, 174 शॉटमध्ये जिंकला, टॉम मॉरिस दोन शॉटने मागे राहिला, आणि गंमत म्हणजे ते मैदान आखलेलं आणि राखलेलं या टॉम मॉरिसनेच होतं. बक्षीस म्हणून लाल मोरोक्को चामड्याचा, चांदीच्या बकलचा पट्टा. रोख पैसे शून्य. विजेत्याला पहिल्यांदा पैसे मिळाले ते 1864 मध्ये, सहा पौंड.

हे आठ जण कोण होते ते लक्षात ठेवा, मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. हे कुणी साहेब लोक नव्हते. साहेब लोक क्लबचे मेंबर, आणि हे त्यांच्या बॅगा उचलणारे, चेंडू आणि ते मारायच्या काठ्या (त्यांनाही क्लबच म्हणतात) बनवणारे, गवत राखणारे कामगार. पुढच्याच वर्षी, 1861 ला, हौशी खेळाडूंनाही स्पर्धा खुली केली, पण जिंकणारे बरीच वर्षं हे कामगारच राहिले, हौशी खेळाडू पहिल्यांदा जिंकला तो थेट 1890 ला, जॉन बॉल, आणि तोच पहिला इंग्लिश विजेता. आपल्याकडेही वेगळं काय आहे, दिल्लीचा अली शेर कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा, म्हणून मैदानावर आला आणि 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय प्रोफेशनल ठरला. आज ज्यांच्याकडून लोक स्विंग शिकतात त्यातले कितीतरी कोच कॅडी म्हणूनच मोठे झालेत. त्यामुळे कुणी गोल्फ हा फक्त श्रीमंतांचा खेळ म्हणालं की मी त्याला ओपनची पहिली दहा वर्षं वाचायला सांगतो.

ती दहा वर्षं जवळजवळ दोन घरांची आहेत. विली पार्क 1860, 1863, 1866 आणि मग 1875. टॉम मॉरिस, ज्याला आपण ओल्ड टॉम म्हणतो, 1861, 1862, 1864, 1867. 1862 ला तो 13 शॉटने जिंकला होता, आणि मेजरमध्ये, म्हणजे गोल्फच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांत, एवढ्या फरकाने कुणी जिंकल्याचा हा विक्रम मोडायला थेट 2000 साल आणि यूएस ओपनमधला टायगर वुड्स यावा लागला. 1867 ला ओल्ड टॉम 46 वर्षांचा होता, तो आजही ओपनचा सगळ्यात वयस्कर विजेता आहे. आणि पुढच्याच वर्षी जिंकला कोण, तर त्याचाच मुलगा, यंग टॉम, वय 17, तो आजही सगळ्यात तरुण. बापलेकाचे हे दोन विक्रम एकाला लागून एक वर्षांत झाले आणि दीडशे वर्षांहून जास्त काळ कुणी हात लावू शकलेलं नाही.

यंग टॉमवर थोडं थांबतो. 1868, 1869, 1870 असा सलग तीनदा जिंकला. नियम असा होता की सलग तीनदा जिंकेल त्याने पट्टा घरी न्यायचा, त्याने नेला. 1870 ला पहिल्या होलवर, जो 578 यार्डांचा होता, त्याने तीन शॉटमध्ये चेंडू आत घातला. तेव्हाचा चेंडू गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या वाळलेल्या चिकाचा, क्लबचे दांडे हिकरीच्या लाकडाचे, गवत कापायला आजच्यासारखी मशीन नाहीत, हे डोक्यात ठेवून तो आकडा परत वाचा. 36 होलचा स्कोअर 149, फरक 12 शॉट. पट्टाच गेल्यामुळे 1871 ला स्पर्धाच झाली नाही! मग प्रेस्टविक, सेंट अँड्र्यूजचा आरअँडए क्लब आणि एडिंबराचा क्लब अशा तिघांनी दहा दहा पौंड काढून चांदीचा जग, म्हणजे सुरई, करायला दिला, तोच आजचा क्लॅरेट जग. 1872 ला स्पर्धा परत सुरू झाली, जिंकला परत यंग टॉमच, पण जग तयार नव्हता म्हणून त्याला मेडल दिलं. प्रत्यक्ष जग हातात पहिल्यांदा आला 1873 ला टॉम किडच्या, सेंट अँड्र्यूजला. जगवर पहिलं कोरलेलं नाव मात्र यंग टॉमचं आहे.

शेवट वाईट झाला. सप्टेंबर 1875 मध्ये बापलेक नॉर्थ बेरिकला पार्क बंधूंशी मॅच खेळत होते, तिथे तार आली की यंग टॉमची बायको बाळंतपणात अत्यवस्थ आहे. बोटीने खाडी ओलांडून निघाले, पण बायको आणि बाळ दोघंही गेले होते. त्याच वर्षीच्या नाताळच्या दिवशी यंग टॉमही गेला, वय 24. ओल्ड टॉम पुढे 1908 पर्यंत जगला. त्या बापाबद्दल वाचताना मला आजही भरून येतं.

नंतर जेमी अँडरसन 1877 ते 79 आणि बॉब फर्ग्युसन 1880 ते 82, दोघं सलग तीनदा, पण यांची नावं फारशी कुणाला माहीत नसतात. 1892 पासून स्पर्धा 72 होलची झाली, 1894 ला पहिल्यांदा स्कॉटलंडबाहेर, इंग्लंडच्या सँडविचला गेली, आणि तिथून सुरू होतो तो तिघांचा काळ. हॅरी वॉर्डन, जे. एच. टेलर, जेम्स ब्रेड. 1894 ते 1914 या 21 स्पर्धांपैकी 16 या तिघांनी वाटून घेतल्या: वॉर्डन सहा, टेलर पाच, ब्रेड पाच. वॉर्डनचे सहा हा आजही विक्रम आहे. आज तुम्ही क्लासला गेलात आणि कोचने उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटामधल्या खाचेवर ठेवायला सांगितली तर ती वॉर्डन ग्रिप. त्याने शोधली असं नाही, आधीही लोक वापरत होते, पण त्याच्यामुळे ती जगभर गेली. वॉर्डनला क्षयाने ग्रासलं होतं, 1903 ला आजारी असतानाच तो जिंकला आणि सहावं ओपन 1914 ला 44 व्या वर्षी प्रेस्टविकला. टेलरबद्दल एवढंच की 1901 मध्ये प्रोफेशनल खेळाडूंची पहिली संघटना, आजची पीजीए, उभी करण्यात तो पुढे होता, आणि माझ्या मते ते काम पाच ओपनपेक्षा कमी नाही. मध्येच 1907 ला हॉयलेकला फ्रान्सचा आर्नो मासी जिंकला, ब्रिटनबाहेरचा पहिला.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन आले. वॉल्टर हेगन 1920 ला डीलला आला तेव्हा प्रोफेशनल खेळाडूंना क्लबहाऊसमध्ये पाय ठेवायला बंदी होती. हेगनने आलिशान गाडी भाड्याने घेतली, ती क्लबहाऊसच्या समोर उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले. खेळला वाईट, पण दोन वर्षांनी सँडविचला जिंकला, अमेरिकेत जन्मलेला पहिला विजेता, मग 1924, 1928, 1929. प्रोफेशनल माणसाला दारातून आत घ्यायला क्लबांना भाग पाडण्यात हेगनचा वाटा फार मोठा आहे. दुसरीकडे बॉबी जोन्स, पेशाने वकील, शेवटपर्यंत हौशीच राहिला. 1921 ला सेंट अँड्र्यूजला तिसऱ्या राउंडमध्ये (एक राउंड म्हणजे 18 होल) तो एवढा वैतागला की 11 व्या होलवर चेंडू उचलला आणि स्पर्धेतून बाद झाला. त्याच सेंट अँड्र्यूजला 1927 ला तो जिंकला, 1926 ला लिदमला आणि 1930 ला हॉयलेकला, आणि त्यानंतर आजपर्यंत एकही हौशी खेळाडू ओपन जिंकलेला नाही. मास्टर्स सुरू केली ती याच जोन्सने क्लिफर्ड रॉबर्ट्सबरोबर 1934 मध्ये. प्रेस्टविक मात्र 1925 नंतर यादीतून गेलं, गर्दी आवरेना म्हणून, 24 ओपन तिथे झाल्या होत्या.

आता मैदान बघून वाचायचं म्हणजे काय ते बेन होगनवरून सांगतो. होगन आयुष्यात ओपन एकदाच खेळला, 1953 ला कार्नुस्टीला. त्याआधी चार वर्षं मोटार अपघातात मरता मरता वाचलेला, पाय कायमचे दुखावलेले. अमेरिकेत चेंडू मोठा होता, इथे 1.62 इंचाचा छोटा, त्याची सवय करायला तो आधीच येऊन राहिला आणि सगळ्यांसारखी क्वालिफाइंग, म्हणजे पात्रता फेरीही, खेळला. चार राउंड बघा: 73, 71, 70, 68. रोज कमी. मी हे चार आकडे फळ्यावर लिहून ठेवतो. हा माणूस जमीन शिकत चालला होता, पहिल्या दिवशी जे कळलं ते दुसऱ्या दिवशी वापरत होता. चार शॉटने जिंकला आणि परत कधी आला नाही.

त्या काळात अमेरिकन फारसे येतच नसत, बक्षिसाच्या रकमेत बोटीचं भाडं निघायचं नाही. 1949 ते 1958 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा बॉबी लॉक चार आणि ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन चार घेऊन गेले. थॉमसन 1954, 55, 56 सलग, विसाव्या शतकात असं करणारा एकटाच. लोक म्हणायचे की समोर तगडे अमेरिकन नव्हते. मग 1965 ला बर्कडेलला पामर, निकलॉस, टोनी लेमा सगळे असताना तो पाचव्यांदा जिंकला, विषय संपला. थॉमसनचा चेंडू खालून जायचा, पडून पळायचा, ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, आधीच टाकून तो गडगडत वर पाठवायचा. आपल्यासाठी हा माणूस आणखी जवळचा, कारण इंडियन ओपन उभी करण्यात त्याचा हात होता आणि 1964 ची पहिली इंडियन ओपन दिल्लीला त्यानेच जिंकली, नंतर 1966 आणि 1976 लाही. मधली 1965 ची आपल्या पी. जी. सेठींनी जिंकली, आणि ते हौशी खेळाडू होते.

इथे एक नाव आवर्जून घेतो, पापवा सेवगोलम. दक्षिण आफ्रिकेतला भारतीय वंशाचा कॅडी, स्वतःच शिकलेला, क्लब उलट्या हातांनी धरायचा. 1963 च्या ओपनमध्ये पहिल्या विसात आला. त्याच वर्षी डर्बनला नाताल ओपन जिंकला, तर वर्णभेदाच्या कायद्यामुळे त्याला क्लबहाऊसच्या बाहेर, पावसात, ट्रॉफी दिली. चॅम्पियनांच्या यादीत नाव नाही, पण माझ्या यादीत आहे.

अमेरिकन परत आले ते आर्नोल्ड पामरमुळे. 1960 ला मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकून तो सेंट अँड्र्यूजला शंभराव्या वर्षाच्या ओपनला आला, केल नेगलकडून एका शॉटने हरला, पण 1961 ला बर्कडेल आणि 1962 ला ट्रून जिंकला. बर्कडेलला झुडपातून 6 आयर्न या क्लबने थेट ग्रीनवर मारलेला त्याचा शॉट एवढा गाजला की त्या जागी पाटी लावली आहे. मग निकलॉस तीनदा (1966, 1970, 1978), पण त्याहून जास्त बोलका आकडा म्हणजे तो सात वेळा दुसरा आला. गॅरी प्लेअर तर 1959, 1968, 1974 अशा तीन वेगवेगळ्या दशकांत जिंकला.

एकच ओपन बघायची असेल तर 1977 टर्नबेरी बघा. शेवटचे दोन दिवस टॉम वॉटसन 65 आणि 65, निकलॉस 65 आणि 66. तिसरा आलेला ह्युबर्ट ग्रीन वॉटसनच्या 11 शॉट मागे, म्हणजे दोघं जणू वेगळीच स्पर्धा खेळत होते. 15 व्या होलवर वॉटसनने ग्रीनच्या बाहेरून साठेक फुटांवरून पटरने, म्हणजे चेंडू जमिनीवरून गडगडवायच्या क्लबने, आत घातला (अशा शॉटला पट म्हणतात). 18 व्या होलवर त्याने 7 आयर्नने चेंडू होलजवळ दोन-तीन फुटांवर टाकला, निकलॉसचा ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब फटका, काटेरी झुडपाला लागून पडलेला, तिथून त्याने कसाबसा ग्रीन गाठला आणि तो लांबलचक पट आत घातला. मग वॉटसनला तो छोटा पट टाकावाच लागला. आणि त्याने टाकला. वॉटसन एकूण पाचदा जिंकला (1975, 1977, 1980, 1982, 1983). 2009 ला, वय 59, याच टर्नबेरीला शेवटच्या होलवर पार, म्हणजे त्या होलला ठरलेल्या शॉटमध्ये पूर्ण, केला असता तर सहावं ओपन आणि वॉर्डनशी बरोबरी होती. त्याचा 8 आयर्न उत्तम लागला, पण चेंडू टणक ग्रीनवरून मागे उतरला, बोगी, म्हणजे पारपेक्षा एक शॉट जास्त, झाली, आणि बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये स्टुअर्ट सिंक जिंकला. लिंक्सवर चांगला शॉट मारूनही शिक्षा होते, हे मान्य करता आलं तरच इथे टिकता येतं.

सेव्ह बालेस्टेरोस 1979 ला लिदमला जिंकला तेव्हा 22 वर्षांचा होता, 16 व्या होलवर ड्राइव्ह तात्पुरत्या कार पार्कमध्ये गेला आणि तिथून त्याने बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक शॉट कमी, केली. मासीनंतर, म्हणजे 72 वर्षांनी, युरोप खंडातला पहिला विजेता. 1984 आणि 1988 लाही तोच. त्याच्या अगदी उलट निक फाल्डो, 1987 ला म्युअरफिल्डला शेवटच्या राउंडमध्ये 18 च्या 18 पार, धुकं आणि गार वाऱ्यात. लोकांना ते कंटाळवाणं वाटतं, मला नाही वाटत, त्या दिवशी तिथे पार म्हणजे सोनं होतं.

1999 कार्नुस्टीबद्दल सगळे विचारतात. फ्रान्सचा जाँ व्हान द व्हेल्द शेवटच्या होलवर तीन शॉटने पुढे, दुसरा शॉट स्टँडच्या रेलिंगला आणि मग ओढ्याच्या दगडी काठाला लागून मागे रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात, तिथून थेट ओढ्यात. मोजे काढून पाण्यात उतरलेला त्याचा फोटो तुम्ही पाहिला असेल. त्या होलवर सात शॉट झाले, आणि तो सातवा शॉट, म्हणजे शेवटचा पट, सोपा नव्हता, हे कुणी सांगत नाही. प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला, जवळच्याच अॅबरडीनचा पोरगा, क्वालिफाइंग खेळून आलेला, शेवटच्या दिवशी सुरुवातीला दहा शॉट मागे होता. लोक व्हान द व्हेल्दच्या चुकीसाठी लक्षात ठेवतात, पण त्या वाऱ्यात लॉरीचा 67 हा त्या आठवड्यातला मोठा राउंड आहे, त्याला त्याचं श्रेय द्यायला हवं.

टायगरच्या तीन ओपनमधल्या दोन शेजारी ठेवून बघा. 2000 सेंट अँड्र्यूज: 112 बंकर, चार दिवसांत एकाही बंकरमध्ये चेंडू नाही, पारपेक्षा 19 शॉट कमी, आठ शॉटने विजय. 2006 हॉयलेक: उन्हाळ्याने मैदान तपकिरी पडलेलं, चेंडू रस्त्यावर पळावा तसा पळत होता, टायगरने 72 होलमध्ये ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब, एकदाच काढला. ज्याच्यापेक्षा लांब मारणारे फार कमी होते त्याने लांबी बॅगेत ठेवली, लांब आयर्नने बंकरच्या अलीकडे थांबला आणि तिथून ग्रीनवर गेला. त्याचे वडील मे महिन्यात गेले होते, शेवटचा पट पडल्यावर कॅडीच्या खांद्यावर डोकं ठेवून तो रडला.

पुढचं पटकन. हॅरिंग्टन 2007, 2008, डॅरेन क्लार्क 2011, मिकेलसन 2013, मॅकिलरॉय 2014, 2016 ट्रूनला स्टेन्सन शेवटच्या दिवशी 63, एकूण 264, 2017 स्पीथ, 2019 ला पोर्टरशला शेन लाऊरी, आयर्लंडच्या मातीत आयरिश माणूस जिंकला तेव्हाचा गलका ऐकण्यासारखा आहे, 2020 कोविडमुळे रद्द, 2021 मोरिकावा, 2022 ला 150 वी ओपन, सेंट अँड्र्यूज, कॅमेरॉन स्मिथ, 2023 ब्रायन हार्मन, 2024 शॉफली, 2025 परत पोर्टरश, स्कॉटी शेफलर. डावखुरे विजेते आजवर तीनच: बॉब चार्ल्स 1963, मिकेलसन, हार्मन. बरोबरी झाली तर पूर्वी दुसऱ्या दिवशी 36 होल परत खेळावे लागायचे, नंतर 18, मग चार होल, 2019 पासून तीन होलचा प्लेऑफ आहे.

2023 चं हॉयलेक आपल्यासाठीही महत्त्वाचं. शुभंकर शर्मा तिथे बरोबरीत आठवा आला, ओपनमधली कुठल्याही भारतीयाची आजवरची सगळ्यात चांगली कामगिरी, त्याआधी 2004 ला ज्योती रंधावा सत्तावीसावा होता. आपल्या मैदानांवर बहुतेक वेळ चेंडू उंच मारून मऊ ग्रीनवर थांबवायची सवय लागते, त्यामुळे आपला मुलगा तिथे जाऊन टिकला याचं मला मनापासून कौतुक आहे.

तुमच्यातलं कुणी खेळत असेल तर मे महिन्यात, फेअरवे (होलकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) वाळून कडक झालेले असतात तेव्हा, हा खेळ थोडाफार घरीच करून बघता येतो. नेहमीपेक्षा दोन क्लब जास्त घ्या, 9 च्या जागी 7 आयर्न, ग्रिप इंचभर खाली धरा, चेंडू स्टान्समध्ये थोडा मागे, हात चेंडूच्या पुढे, आणि मारल्यावर हात छातीच्या उंचीला थांबवा, वर नेऊ नका. जोर लावायचा नाही, जोर लावला की स्पिन वाढतो आणि चेंडू वर चढतो. ग्रीनच्या वीस-पंचवीस यार्ड अलीकडे पहिला टप्पा पडायला हवा. हे आठवडाभर केलंत आणि मग थॉमसनचे किंवा 2006 च्या टायगरचे जुने व्हिडिओ लावलेत, तर ते चेंडू कुठे टाकतात आणि का टाकतात हे तुम्हाला दिसायला लागेल.